दोन माणसांची गाडी

आमच्या ओटीवर ज्या गाडीवरून दोन वर्षं भांडणं झाली, त्या गाडीत मी एकदाही बसले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशेवर राहायला नको. गाडी आमची नव्हती, गावातल्या कुणाचीच नव्हती. आमच्या पाड्यात तेव्हा चाकावर चालणारी वस्तू म्हणजे एक बैलगाडी आणि पोस्टमन यायचा ती सायकल. गाडी होती एका गोऱ्या साहेबाची. तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं तेव्हा जे परदेशी इंजिनिअर आले, त्यांतला तो एक. ताडासारखा उंच, म्हणून आमची माणसं त्याला लांब साहेब म्हणायची. त्याचं खरं नाव कुणाला धड उच्चारता आलं नाही आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. त्यानं ती गाडी जहाजातून मुंबईला उतरवून घेतली आणि स्वतः चालवत इकडे आणली. तांबडी, बुटकी, पुढचं नाक लांबलचक, वर छप्पर नाही, पाऊस आला तर ओढून घ्यायचं एक कापड, आणि बसायला जागा फक्त दोन. ह्या दोन जागांनी आमच्या घरात जो धुमाकूळ घातला, तो त्या बिचाऱ्या साहेबाला शेवटपर्यंत कळला नाही.

आमचं घर दर्याच्या तोंडावर. घर आणि वाळू ह्यांच्या मधे काय ते बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव. घरात बाबा, आई, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आते, माझे दोघे भाऊ, वहिन्या, त्यांची पोरं आणि मी. बाबा तांडेल होते, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा, आणि घरात आतेचा. सकाळ उजाडायची ती आतेच्या कावळे हाकलण्यानं. बोंबील मांडवावर चढले की ती हातात काठी घेऊन बसायची आणि कावळ्यांना अशा शिव्या द्यायची की रस्त्यानं जाणारी माणसं आपल्यालाच म्हणतेय की काय म्हणून दचकायची. एका बाजूनं तिचा आवाज, दुसऱ्या बाजूनं लाटांचा, आणि त्यात ह्या कामाचे सुरुंग आणि भोंगा येऊन मिसळले. भोंगा झाला की आई भात चुलीवर चढवायची. इतकी वर्षं ती भरती-ओहोटीवर चालली, आणि बघता बघता भोंग्यावर चालायला लागली. त्या घरात मी कधी एकटी झोपले नाही, एकटी जेवले नाही, एकटी कुठे गेले नाही. एका अंगाला आते घोरायची, दुसऱ्या अंगाला वहिनीचा धाकटा लाथा मारायचा. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही, सगळ्यांच्याच घरी तसं होतं.

कामासाठी कुठून कुठून माणसं आली. बोईसरला खोल्या मिळेनात, तेव्हा लोक तारापूर, चिंचणी, आमचा पाडा असे पसरले. आमची पडवी बाबांनी एका मेकॅनिकला दिली. दिनकर त्याचं नाव. साताऱ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, कामावरच्या जीपा आणि ट्रक दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होता. पहिले काही दिवस तो जेवताना श्वास कोंडून धरायचा. आतेनं ते बरोबर हेरलं. "काय रे, नाक पडवीत ठेवून आलास काय?" असं तिनं एकदा विचारलं आणि तो असा लाजला की आईनं आतेलाच गप्प केलं. मग हळूहळू त्याला आमची तांदळाची भाकरी आवडायला लागली, मग जवळा, मग सुक्या बोंबलाचं कालवण. गावी गेला की येताना शेंगदाण्याची लाल चटणी घेऊन यायचा. ती चटणी आणि भाजलेला बोंबील एकत्र खायची रीत आमच्या घरात त्याच्यापासून सुरू झाली. आजही माझ्या डब्यात ती चटणी असते. सुना म्हणतात, अशी कशी हो तुमची चव, ना धड घाटावरची ना धड दर्याकाठची. मी म्हणते, असू दे.

त्याचा हात चांगला म्हणून लांब साहेबानं ती तांबडी त्याच्या हवाली केली. धुणं, पुसणं, आत हात घालणं, सगळं दिनकरकडे. कधी कधी तो ती साहेबाच्या बंगल्यावर पोचवायला नेताना आमच्या बाजूनं काढायचा. आवाज आधी ऐकू यायचा, खर्जातला, आणि मग बैल बुजायचे. संध्याकाळी तो परत आला की बाबा ओटीवर बिडी ओढत त्याची वाटच बघत असायचे. बाबांना वादाची भारी हौस. दर्यावर कुणी त्यांच्याशी वाद घालायची प्राज्ञा नव्हती, त्यामुळे ती हौस ते घरी भागवायचे.

पहिला वाद मला जसाच्या तसा आठवतो. मी दाराच्या आत बसून कोलंबी सोलत होते.

"दिनकरराव, तुमची ती तांबडी. किती मानसं बसतात?"

"दोन, काका."

"आनी सामान?"

"मागं एक बॅग बसंल, बारकी."

"मंग ती गाडी नाय. खेळनं हाय."

"अवो काका, खेळणं काय म्हणताय! शंभर मैल पळती ती तासाला. वळणावर तर अशी चिकटून जाती रस्त्याला, बघत ऱ्हावं."

"शंभर मैल जायाचं कुठं? बोईसरच्या फाटकापाशी ती बी उभीच ऱ्हाते ना, बैलगाडीच्या पाठी?"

भाऊ हसले. दिनकर काही बोलणार एवढ्यात माझ्याच्यानं राहवलं नाही. आतूनच मी म्हणाले, "आनी माशाची पाटी कुठं ठेवायची? डोक्यावर घेऊन बसायचं काय गाडीत?" सगळी ओटी खदखदून हसली. बाबांनी मांडीवर थाप मारली. दिनकरनं दाराकडे बघितलं. तोपर्यंत त्यानं माझ्याकडे कधी सरळ बघितलं नव्हतं, तसा तो रीतीचा होता.

"पाटी न्यायला ट्रक हाय की वो," तो म्हणाला. "ही गाडी पाटीसाठी न्हाईच."

"मग कशासाठी?"

"जाण्यासाठी."

"कुठं?"

"कुठं बी. नुसतं जाण्यासाठी."

ह्यावर बाबा म्हणाले, "ह्या, असं कुठं असतं," आणि वाद दुसरीकडे वळला. मी मात्र कोलंबी तशीच हातात धरून बसले. नुसतं जाण्यासाठी! आमच्याकडे कुणी नुसतं कुठे जात नसे. दर्यात जायचं ते मासळीसाठी, बाजारात जायचं ते विकायला, माहेरी जायचं ते सणाला. काही कारण नसताना, पाठीमागे कुणी नसताना, दोघांनी उठायचं आणि जायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि एकदा आलं ते गेलं नाही.

आमच्यात वयात आलेल्या मुलीनं बिऱ्हाडकरूशी बोलत बसणं म्हणजे केवढा गहजब. पण भांडण हे बोलणं धरलं जात नसे. दारातून ओरडून गाडीला नावं ठेवायची मला पूर्ण मुभा होती, उलट बाबा मला चढवायचे. "यमू, सांग गो ह्याला!" म्हणायचे. म्हणून मी रोज गाडीच्या विरुद्ध बोलायची. ती जमिनीला इतकी चिकटून आहे की खड्ड्यात पोट घासतं. ऊन लागतं. धूळ खायला लागते. आवाजानं लेकरं उठतात. तो एकेकाचं उत्तर द्यायचा आणि मला "यमुनाबाई" म्हणायचा, मुद्दाम, थट्टेनं, एखाद्या म्हातारीला म्हणावं तसं. सगळे मला यमू म्हणायचे. यमुनाबाई म्हणणारा तो एकटा. आता सगळं जग मला यमुनाबाईच म्हणतं, पण त्यात ती मजा नाही.

एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. एका संध्याकाळी त्यानं गाडीच्या ब्रेकचं काही सांगितलं, आणि बाबांना ते इतकं पटलं की ते म्हणाले, "हां, ह्ये मात्र बराबर." झालं! बोलायला काही उरलंच नाही. बाबांनी बिडी विझवली, भाऊ उठले, दिनकरही जरा वेळ बसून पडवीत निघून गेला. संध्याकाळ तिथंच संपली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपण काही पटवून घ्यायचं नाही. तो काय वाट्टेल ते सांगो, सोन्याची गाडी दाखवो, आपण वाईटच म्हणायचं. कबूल केलं की माणूस उठून जातो. ह्या एका अकलेवर मी दोन वर्षं काढली.

पण रोज नवा मुद्दा आणायचा कुठून? आतेबरोबर मी बोईसर स्टेशनवर मासळी घेऊन जायची. बाहेर कामाचे ट्रक उभे असायचे, त्यांचे ड्रायव्हर हिंदीत गप्पा मारत असायचे. आते गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यात गुंग झाली की मी हळूच एखाद्याला गाठायची. दिनकर सारखा म्हणायचा की तांबडीला दोन कार्बोरेटर आहेत, आणि बाबा त्यावर गप्प व्हायचे. मी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं, "भैया, दो कार्बोरेटर रहने से क्या होता है?" त्यानं आधी माझ्या पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "होता क्या है, बहन, पेट्रोल जादा पीती है. और दोनों की पटती नहीं, रोज मनाना पड़ता है." हसतच सांगितलं त्यानं. मी तेवढं घट्ट मनात धरून घरी आले आणि संध्याकाळी ओटीवर टाकलं: दोन कार्बोरेटर म्हणजे रोजची कटकट, एकाला समजवावं तर दुसरा रुसतो. दिनकरचा घास हातातच राहिला.

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"दर्यावर ऐकलं," मी म्हणाले.

तो इतका खूश झाला की उत्तर द्यायचं विसरला. मी जन्मात कुणाला इतकं खूश केलं नसेल. तेव्हापासून तोही सरळ सरळ जिंकेनासा झाला. एखादा मुद्दा अर्धा सांगायचा आणि "बाकीचं उद्या" म्हणून उठायचा. भाऊ म्हणायचे, हा वकील व्हायला हवा होता. मला कळत होतं तो काय करतोय. दोघांनी मिळून एक चूल पेटती ठेवली होती आणि एकमेकांना तसं म्हटलं मात्र कधीच नाही.

एकदा मी आणि आते चिंचणीच्या बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन चालत येत होतो. पाठीमागून तांबडी आली. एकटा दिनकर होता, साहेबाला कुठे सोडून परत चालला होता. त्यानं गाडी थांबवली. "एकीला नेतो," म्हणाला, आणि म्हणताना त्यानं माझ्याकडे न बघता समोरच्या काचेकडे बघितलं. माझी डोक्यावरची पाटी घसरली, ती मी कशीबशी सावरली. आतेनं गाडीकडे बघितलं, दिनकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपली पाटी माझ्या डोक्यावर ठेवून स्वतःच आत जाऊन बसली. "चल रे," म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर दातात धरला, आणि गेले ते दोघं धुरळा उडवत. मी दोन पाट्या घेऊन पाठीमागून चालत घरी आले. आते ओटीवर पाय पसरून बसली होती. "पोटातलं पानी हललं नाय गो!" असं ती आल्यागेल्याला सांगत होती. त्या दिवसापासून ती वादात गाडीच्या बाजूची झाली आणि मी तिच्याशीही भांडायला लागले. तिनं सगळं ओळखून ते केलं की तिला खरंच बसायचं होतं, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. ती होती तोवर धीर झाला नाही, आता ती नाही.

मी किती जळले म्हणून सांगू! मला गाडी नको होती. मला त्या दोन जागा हव्या होत्या. ज्या गाडीत आते मावत नाही, वहिनी मावत नाही, पोरं मावत नाहीत, पाटी मावत नाही, अशी एक गाडी देवानं आमच्या वाटेवरून चालवली होती, आणि मी रोज ओरडून सांगत होते की हीच तिची खोड आहे. माझ्या नातवानं परवा नवी गाडी घेतली. सात जणं आरामात बसतात, आजी, म्हणून मोठ्या कौतुकानं दाखवली. छान आहे, म्हटलं. मला मागच्या बाजूला, दोन पोरांच्या मधे बसवलं होतं.

आता तो ओहोटीचा दिवस सांगते. चिंचणीपासून आमच्या पाड्यापर्यंतची वाळू ओहोटीला फरशीसारखी टणक होते, हे लांब साहेबानं कुठून तरी ऐकलं. रविवारची दुपार होती. तो तांबडी घेऊन किनाऱ्यावर आला, बरोबर दिनकर. साहेबानं गाडी पाण्याच्या कडेकडेनं अशी पळवली की आम्ही बायका हातातलं काम टाकून बघत राहिलो. मग त्यानं गाडी थांबवली आणि दोघं उतरून फोटो काढत खाडीच्या तोंडाकडे गेले. गाडी उभी केली ती नेमकी जिथे वाळू वरून टणक आणि खालून मऊ असते तिथे. साहेबाला ते काय माहीत, आणि दिनकर डोंगराकडचा. चाकं बसली. ते धावत परत आले, गाडी सुरू केली, तशी ती आणखी रुतली. आणि भरती लागली. दोघं कामावरचा ओढायचा ट्रक आणायला पळाले.

बाबा मांडवापाशी उभे होते. एवढी दोन वर्षं त्यांनी त्या गाडीला खेळणं म्हणून हिणवलं, पण पाणी चाकाला लागलेलं बघितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांचीच होडी खडकावर गेली. "अरे बगता काय! दोर आना!" ते ओरडले. सगळा पाडा धावला. होडी ओढतात तसे चाकांच्या पुढे वासे घातले, दोर बांधले, पुरुष पुढे, बायका मागे, आणि बाबा "हय्या हो" म्हणून हाळी द्यायला लागले. मीही दोराला होते. पाणी आमच्या कमरेला आणि गाडीच्या जागांवर आलं होतं. एकेक वीत करत ती तांबडी आम्ही वर काढली, सुक्या वाळूवर आणली, आणि पोरांनी एवढा गलका केला म्हणता!

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. होडी बाहेर काढली की तिला मुशीचं तेल लावायचं, ही आमची रीत. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. तिचं काळीज कढवून तेल काढतात. लाकूड खाऱ्या पाण्यानं कुजू नये म्हणून ते होडीला आतून बाहेरून चोपडतात. बाबा म्हणाले, "खारं पानी लागलंय, तशीच ठेवली तर सडंल बिचारी. तेल आना." घरोघरचे डबे आले. आणि पंधरावीस माणसांनी मिळून, अगदी मायेनं, त्या गाडीला आतून बाहेरून मुशीचं तेल लावलं. नाकाला लावलं, दारांना लावलं, चाकांना लावलं, त्या चामड्याच्या दोन्ही जागांना लावलं. चालवणाऱ्याच्या शेजारची जागा मी पुसली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शिवणीशिवणीत बोट घालून तेल जिरवलं. त्या जागेला माझा हात लागला तो तेवढाच. आईनं पुढच्या नाकाला हळदकुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला, आणि आम्ही सगळे कौतुकानं बघत उभे राहिलो.

दिनकर आणि साहेब ट्रक घेऊन आले तेव्हा गाडी उन्हात चकाकत होती आणि तिच्या वासानं कावळे जमायला लागले होते. साहेब बघतच राहिला. मग त्यानं बाबांना हात जोडले, माणूस भला होता. दिनकरनं डोळे मिटून घेतले. त्याला वास आला होता, तोच, पहिल्या दिवसांतला. ट्रकला बांधून गाडी नेली तेव्हा बाबा म्हणत होते, "आता दहा वरसं कायनाय व्हायाचं तिला."

इंजिन दिनकरनं सगळं सोडवून, धुऊन पुन्हा चालू केलं. वास काही गेला नाही. सोडा झाला, रिठे झाले, चुना झाला, उन्हं दाखवून झाली. कॉलनीतली सगळी मांजरं त्या गाडीत जाऊन बसायची. साहेबाची मडम नाकाला रुमाल लावून एकदा बसली आणि उतरली ती परत बसली नाही. शेवटी साहेबानं ठरवलं, गाडी मुंबईला पाठवायची, तिथे जागांचं चामडं बदलून घ्यायचं आणि तिकडेच ठेवायची. साहेबाची स्वतःची मुदतही संपत आली होती. त्यानं मुंबईतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये दिनकरचं काम लावून दिलं. चांगलं काम होतं. गाडीबरोबर दिनकरही जाणार हे आम्हांला बाबांकडून कळलं. बाबा शरमिंदे झाले होते, दोन दिवस ओटीवर बसलेच नाहीत. भरल्या घरात मला रडायला जागा नव्हती, म्हणून मी मांडवावर बोंबील उलटेपालटे करत राहिले. आते म्हणाली, "किती उलटशील गो, फाटतील ते." पण कावळ्यांवर ओरडली नाही त्या दिवशी.

निघायच्या सकाळी तो गाडी घेऊन ओटीसमोर आला. त्याची ट्रंक मागे बांधली होती. शेजारची जागा मोकळी होती. सगळं घर बाहेर उभं. तो आईच्या, आतेच्या, बाबांच्या पाया पडला. पालघरवरून मनोरला निघून मोठ्या रस्त्याला लागणार, दुपारपर्यंत मुंबई, असं त्यानं बाबांना सांगितलं. मग गाडीत बसला, आणि दाराकडे बघून हसत, पण हसू कुठे तरी अडकलेलं, म्हणाला, "यमुनाबाई, आता तरी सांगा. गाडी चांगली का वाईट?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला "चांगली" म्हणावंसं वाटत होतं. असं वाटत होतं की ओरडून म्हणावं आणि त्या तेलकट जागेवर जाऊन बसावं. पण चांगली म्हटलं की माणूस उठून जातो. मी म्हणाले, "वाईट. दोन मानसांची गाडी ती, काय कामाची!"

"मग वाद मिटला न्हाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग परत यावं लागंल मला."

"या की," मी म्हणाले. दोन वर्षांत एवढंच एक बोलणं मी त्याच्याशी भांडल्याशिवाय बोलले असेन.

तो गेला. मी वाट बघत राहिले. पत्र यायचं काही कारण नव्हतं, तो कुणाला लिहिणार? पावसाळा गेला, होड्या पाण्यात गेल्या, होळी आली, आणि डहाणूच्या बाजूचं एक स्थळ सांगून आलं. आमच्यातलंच, घरची होडी, मुलगा निर्व्यसनी. बाबांना आवडलं. मी काय म्हणणार होते? तो दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या मुलखातला, त्यानं काही विचारलेलं नाही, मी काही सांगितलेलं नाही. आमचा एका गाडीवरून वाद चालू आहे, म्हणून लग्न थांबवा, असं कुठे म्हणतात? होळीनंतर माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, त्याच्याविषयी माझी अक्षराची तक्रार नाही. हे त्याच्या फोटोसमोर बसून लिहिते आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला मी माहेरी आले. होड्या वर काढलेल्या होत्या. घरात करंज्या तळत होत्या, पोरं नाचत होती. बाबा ओटीवर जाळं शिवत होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर ते म्हणाले, "यमू, तो आला होता."

"कोन?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"दिनकरराव. आषाडात. यष्टीनं आला बोईसरहून, छत्री घेऊन. गाडी साहेबानं इकली म्हनतो. बसला, भाकरी खाल्ली. मंग बोलला, यमुनाबाई दिसत नाय त्या? आते बोलली, लगीन झालं तिचं. मंग कोनच काय बोललं नाय. मला कसंसंच झालं. एवडा पावसातून आलेला मानूस, गप बसवायचा कसा? म्हटलं, यमू नाय तर नाय, तिच्या बाजूनं मी भांडतो. आनी भांडलो गो! पाटीचं बोललो, खड्ड्याचं बोललो, ते तुजं दोन कारबुरेटरचं बी बोललो. एक सोडलं नाय."

"आनी तो?"

"तो भांडलाच नाय." बाबांना त्याचं अजून नवल वाटत होतं. "गप ऐकत ऱ्हायला. जाताना पाया पडला आनी बोलला, काका, त्यांना सांगा, त्यांचंच बराबर होतं. दोन मानसांची गाडी कायच कामाची नाय." बाबा हसले. "जिकलीस बग तू!"

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला. आत आई हाका मारत होती, करंज्या करपतील म्हणून.

"बाबा," मी म्हणाले, "गाडी चांगली होती."

"आँ?"

"चांगली होती गाडी. पयल्या दिवसापासून चांगली होती."

"मंग दोन वरसं भांडत कशाला होतीस त्याच्यासंगं?"

"कबूल केलं असतं तर तो उठून गेला असता ना, बाबा."

बाबांची सुई थांबली. त्यांनी पडवीच्या बंद दाराकडे बघितलं, मग मी बसायची त्या उंबऱ्याकडे, मग स्वतः बसले होते त्या जागेकडे. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझ्या तांडेल बापाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"रोज तुमच्या दोगांच्या मदी तर बसायचो मी," ते म्हणाले. "माज्या ध्यानात कसं नाय आलं गो?"